हातावर आलेला बेल

कल्याणप्पांनी ताट पुढं धरलं तसा गंगम्मानं उजवा हात पसरला आणि डावा त्याच्या कोपराखाली लावला. देवळात कुणीही काहीही पुढं केलं की तिचे हात असेच जायचे. ताटात बेलाची पानं होती आणि शेजारी भंडाऱ्याचा लहानसा ढीग. सोमवारी प्रसादाला बेल असायचाच. भंडारा कुठून आला, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं. धनगरगल्लीतल्या कुणाचा तरी नवस फिटला असेल. तिनं एक त्रिदळ उचललं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि अंबाड्यात खोचलं.

देवळात टाळ्या वाजल्या.

"उचलला! गंगम्माअक्कानं बेल-भंडारा उचलला!"

तिनं मागं वळून पाहिलं. शपथ कुणी घेतली ते तिला बघायचं होतं. मागं नुसता खांब होता.

सभामंडपात गावातल्या दोन्ही पार्ट्या बसलेल्या होत्या, कल्याणप्पांची आणि धनगरगल्लीतल्या गोरोबाची. सरपंचपद यंदा बाईसाठी सुटलं होतं. भांडणं नकोत, एकच बाई ठरवू आणि बिनविरोध करू, अशी बोलणी चाललीत हे तिनं नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. ती बाई कोण हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

"आता मागं सरकायचं न्हाय, अक्का," गोरोबा म्हणाला आणि चिमूटभर भंडारा तिच्या डोक्यावर टाकला. "देवासमोर शब्द दिलाय तुमी."

गंगम्मानं हात हलवला. सोमवारी तिचं मौन असे. संध्याकाळी दिवा लावून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिनं पुन्हा हात हलवला, मग मान.

"बघा, नको नको म्हणत्यात," बायकांतून कुणीतरी बोललं. "असंच माणूस पाहिजे. हाव म्हणून न्हाय."

कल्याणप्पांनी ताट पुजाऱ्याकडं दिलं आणि तिच्यापुढं हात जोडले. जोडलेल्या हातांच्या वर त्यांचे डोळे हसत होते. त्यांनी सोमवारच का निवडला असेल, हा विचार गंगम्माला घरी पोचेपर्यंत सुचला नाही.

दिवेलागणीला पूजा आटोपून ती पुढच्या खोलीतल्या दुकानात आली. शरणबसप्पा पोत्यातली तूरडाळ डब्यात ओतत होते.

"मी प्रसाद घेतला," ती म्हणाली. दिवसभरातलं तिचं ते पहिलं वाक्य.

"मग? प्रसादच हाय तो."

"गावानं शपथ धरली."

"तीबी हायच की." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना आवाजातली खुशी लपवता येत नव्हती. "पोरगी दिल्लीत, बायको पंचायतीत. आता दुकानावर लाल दिवा लावायला पाहिजे."

"चेष्टा करू नका. मी काय केलं ते मलाच कळंना."

"तुला न कळून कसं चालंल? तूच उचललंस."

एवढ्यात तेल न्यायला आलेल्या एकानं त्यांना सरपंचसाहेब म्हणून हाक मारली आणि शरणबसप्पांनी ओ दिली.

पोरगी दिल्लीत होती, हेही गंगम्माला नीट कळलेलं नव्हतं. शिवप्रियानं धाराशिवच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं, तिथवर ठीक होतं. मग कुठल्याशा कार्यक्रमात तिची निवड झाली आणि ती देशभरातल्या दहा-पंधरा पोरापोरींबरोबर दिल्लीला गेली. दिवसभर एका खासदारांच्या कार्यालयात बसायचं, सभागृहात विचारायचे प्रश्न तयार करायचे, कधी वरच्या गॅलरीतून कामकाज बघायचं, संध्याकाळी व्याख्यानं ऐकायची. याला इंटर्नशिप म्हणतात. कॉलेज नाही आणि नोकरीही नाही. पाहुण्यांना काय सांगायचं, हा गंगम्माला रोजचा प्रश्न होता. शरणबसप्पा गिऱ्हाइकांना सरळ सांगत, पोरगी राजकारण शिकायला गेलीय. त्यावर एकदा कुणी म्हणालं होतं, "त्याला दिल्ली कशाला? कल्याणप्पाच्या ओट्यावर बसली असती तर दोन महिन्यांत तयार झाली असती."

"परीक्षा असती का तिथं?" गंगम्मानं पोरीला विचारलं होतं.

"नाही गं अव्वा."

"मग पास झालीस हे कसं कळायचं?"

"ते कळतच नाही," शिवप्रिया हसून म्हणाली होती.

देवळातल्या सोमवारनंतर त्याच आठवड्यात लोहाऱ्याच्या तहसिलीत गंगम्माचा अर्ज भरला गेला. कल्याणप्पांनी जीप आणली, तिनं दाखवतील तिथं सह्या केल्या. हातावर घेतलेला बेल खाली कसा ठेवायचा, हे तिला माहीत नव्हतं. तिचा अर्ज काही कारणानं बाद झालाच तर असावा म्हणून गोरोबाच्या सुनेचा, वर्षाराणीचा, दुसरा अर्ज भरला. तो नंतर मागं घ्यायचा असं ठरलं होतं.

सकाळी पूजेला बसली की गंगम्मा डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन त्याच्यावर नजर लावायची. इतक्या वर्षांत मन भटकलं तर चुलीकडं भटकायचं, फार तर दिल्लीकडं. आता ते गावात हिंडायला लागलं. गल्लीच्या वळणावर दिवा नाही, बायकांना पहाटे तिथूनच जावं लागतं. अंगणवाडीचं दार नेमकं गटारावर उघडतं, ते मागल्या बाजूला काढता येईल. धनगरगल्लीचा नळ... तिनं डोळे मिटले आणि जप पहिल्यापासून धरला. पुन्हा मन वळणावरच्या खांबाशी जाऊन उभं. तिनं नुसता प्रसादच घेतला असेल, तर हे काय चाललं होतं? आणि हे असं चालणार असेल, तर तो प्रसाद होता हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी फोन आला.

"अव्वा, तू निवडणुकीला उभी राहिलीस? अप्पांनी आत्ता सांगितलं. तुला कुणी विचारलं तरी का?"

गंगम्मानं देवळातलं सगळं सांगितलं.

"अव्वा, याला शपथ म्हणत नाहीत. हे कायद्यात बसत नाही."

"कायद्यात नसंल गं. माज्या मनात बसलंय."

"अजून अर्ज मागं घेता येतो. घे मागं."

"बेल उचलून?"

मग शिवप्रियाचा आवाज वेगळाच आला, सपाट, कुणीतरी लिहून दिलेलं वाचावं तसा.

"इथं एक नियम आहे. आमच्यापैकी कुणाच्या घरचं माणूस निवडणुकीला उभं राहिलं तर त्याला कार्यक्रमातून काढतात. मला परत यावं लागेल."

"परत? मधूनच?"

"हो."

गंगम्मा फोन ठेवून भिंतीला टेकली. उचललेला बेल मोडला तर त्याचं पाप लेकराबाळांवर येतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. म्हणजे माघार घेतली तर भोगायचं शिवप्रियानं, आणि न घेतली तर दिल्लीहून परत यायचं तेही शिवप्रियानं. ती दोन्ही बाजूंनी विचार करत होती आणि दोन्ही बाजूंनी एकाच पोरीशी येऊन थांबत होती. त्या रात्री ती जेवली नाही. कशासाठी उपास धरला, ते मात्र देवाला सांगता आलं नाही.

सकाळी गोरोबाची बायको म्हाळसाबाई दुधाचा रतीब घालायला आली. गंगम्मानं पातेलं पुढं केलं आणि हळूच विचारलं, "म्हाळसाबाई, तुम्ही होता की त्या दिवशी देवळात. मी शपथ घेतली का प्रसाद?"

"मला काय इचारता अक्का? म्या तर टाळी वाजवली."

"वाजवली का पण?"

"समद्यांनी वाजवली म्हणून." म्हाळसाबाईनं माप पातेल्यात रिकामं केलं आणि वर थोडं जास्तीचं ओतलं. "बरं, मला एक सांगा. आमच्या वर्षाराणीला समदे डमी डमी म्हणत्यात. पोरगी रुसून बसलीय. डमी म्हंजी काय वो?"

गंगम्मानं थोडा विचार केला. "उभं राहायचं आणि सांगितलं की बसायचं."

"आत्ता! मग ती तर लगीन झाल्यापास्नं डमीच हाय." म्हाळसाबाई खो-खो हसली, आणि लगेच थांबली. "शिकल्याली हाय वो पोरगी. रातच्याला पेपर वाचून दावती मला. बसवायला नगं होतं तिला. पण आमच्या घरात आमचं कोण ऐकतंय?"

रविवारी शिवप्रियानं चेहरा दिसेल असा फोन लावला. ती आपली खोली दाखवत होती: दोन पलंग, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, भिंतीवर चिकटवलेला नकाशा. दुसऱ्या पलंगावर राजस्थानची एक पोरगी केस विंचरत बसली होती. गंगम्माला बघताच ती कॅमेऱ्याजवळ सरकली.

"नमस्ते आंटी! शिवप्रिया ने बताया, आप सरपंच बन रही हैं। मेरी मम्मी भी खड़ी हुई हैं इस बार, पंचायत में। हमारे यहाँ तो रोज़ झगड़ा हो रहा है!"

गंगम्माला हिंदी धड बोलता येत नसे, कळत मात्र सगळं असे. तिनं हात जोडले. मग विचारलं, "तुमारे कू वापस भेजते क्या, बेटी?"

"वापस? क्यों आंटी?"

पडद्यावर छत दिसलं, मग पंखा, मग काहीच नाही.

पाच मिनिटांत पुन्हा फोन आला. या वेळी नुसता आवाज.

"अव्वा, ऐकून घे. कल्याणप्पा तुला पुढं करून मागून कारभार करणार. सही तुझी, गाव त्यांचं. आणि अप्पा तर आत्तापासूनच खुर्चीवर बसलेत. मी इथं हेच वाचते रोज, किती बायकांचं असं झालंय. तुला कळत नाही—"

"काय कळत न्हाय मला?"

गंगम्मानं आवाज चढवला नव्हता. तिनं पुढंच विचारलं.

"नियम न्हाय ना तसला?"

"नाही."

"मग खरं कारण सांगायचं होतंस."

"खरं सांगून ऐकलं असतंस?"

गंगम्मानं मनापासून विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "न्हाय."

"बघ. तुझ्यासाठी म्हटलं असतं तर तू हलली नसतीस. माझ्यासाठी म्हटलं तर हलशील, हे मला माहीत होतं."

"व्हय. हलले असते." गंगम्मा म्हणाली. "तिथं हेच शिकवत्यात का गं?"

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "जेव जा. उशीर झाला असंल," आणि फोन ठेवला.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला वाट असते. कल्याणप्पांनी बेल पुढं केला, पोरीनं नियम पुढं केला. एकाला गाव हवं होतं, दुसरीला आईचं भलं. दोघांनी बरोबर ओळखलं होतं की ही हात पसरेल आणि विचारणार नाही. त्यातलं वाईट कुठलं आणि मायेचं कुठलं हे वेगळं काढायला ती संध्याकाळभर तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडून झाले, बाकी काही झालं नाही.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी कल्याणप्पांनी पुन्हा जीप आणली. पुढं ते आणि शरणबसप्पा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. मागं गंगम्मा, वर्षाराणी आणि वर्षाराणीचा नवरा धनाजी. वर्षाराणी खिडकीकडं तोंड करून बसली होती. रस्त्याकडंच्या सोयाबीनच्या राना-रानांत माणसं दिसत होती. ती एकेक रान मागं जाताना बघत राहिली.

तहसिलीच्या आवारात गर्दी होती. गावागावच्या जीपा, हार, गुलालाच्या पिशव्या. तीन वाजेपर्यंत अर्ज मागं घ्यायचा होता. कल्याणप्पा म्हणाले, "घाई न्हाय. बायका बसू द्या सावलीला, आपण चहा घेऊ. जाताना वर्षाराणीची सही करू, की झालं." पुरुष माणसं कॅन्टीनकडं गेली.

लिंबाखालच्या बाकावर दोघी बसल्या. गंगम्मानं पिशवीतून केळं काढून वर्षाराणीच्या हातावर ठेवलं. तिनं ते घेतलं, पण सोललं नाही.

"वर्षाराणी, तुला इचारलं होतं का? अर्ज भरताना?"

"मला?" ती हसली. "मामंजी म्हणले, सही कर. म्या केली."

"आणि आज?"

"आज म्हणतील, सही कर. करंल."

शेजारून एक मिरवणूक गेली. कुठल्याशा गावचं बिनविरोध झालं होतं. गुलाल उधळला जात होता आणि मधोमध एक बाई डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून चालली होती. तिच्याभोवतीची सगळी माणसं नाचत होती. तिची पावलं कुठं पडताहेत ते तिला दिसत नसावं.

मिरवणूक फाटकाबाहेर जाईपर्यंत गंगम्मा बघत राहिली.

"नको करू सही," ती म्हणाली.

वर्षाराणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय काकू?"

"ऱ्हाऊ दे तुजा अर्ज. मी तर उभी हायच, मला बसता येत न्हाय. तूबी बसू नको."

"आवं मग मतदान लागंल की!"

"लागू दे."

"आणि तुमी पडला तर? आमची गल्ली मोठी हाय, काकू. मतं मोजून बघा."

"पडंल मग."

वर्षाराणी तिच्याकडं बघत राहिली. तिला हे खरं वाटत नव्हतं, आणि बोलणाऱ्या बाईलाही ते पुरतं खरं वाटत नसावं, कारण गंगम्माच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकली होती आणि ती सोडवायचं तिला सुचत नव्हतं.

"घरी मारतील मला," वर्षाराणी म्हणाली.

"तुजी सासू हाय घरात. जाऊन तिला सांग पयलं. आणि मी येते संगं. सगळं माज्यावर घाल." थोड्या वेळानं गंगम्मा पुन्हा म्हणाली, "मला ठाव न्हाय हे बरोबर हाय का. पण सांगितल्याशिवाय ऱ्हावलं न्हाय."

कॅन्टीनकडून धनाजीची हाक आली. वर्षाराणी उठली. गंगम्माला वाटलं, निघाली सही करायला. ती दहा पावलं गेली, थांबली, पदर खोचला आणि कार्यालयाच्या दारावरून पुढं निघून बायकांच्या मुतारीकडं वळली. आत गेली आणि आतून कडी लावली.

कल्याणप्पांनी धनाजीला पाठवलं. धनाजीनं बाहेरून हाका मारल्या. पोट दुखतंय, असं आतून उत्तर आलं. मग दोनदा तेच उत्तर आलं. बायकांच्या जागेत पुरुषाला जाता येईना. कल्याणप्पा गंगम्माकडं धावले.

"अक्का, जरा बघा की आत जाऊन! टाइम संपतोय."

"पोट दुखतंय म्हणती ना. मी काय करू?"

शरणबसप्पा बायकोकडं बघत राहिले. हिला असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तीन वाजून गेले तेव्हा शिपायानं कार्यालयाचं दार पुढं ओढलं, आणि थोड्या वेळानं वर्षाराणी बाहेर आली, तोंड धुतलेलं, नवऱ्याकडं न बघता.

कल्याणप्पांना कळायला वेळ लागला नाही. ते बाकासमोर येऊन उभे राहिले. आवाज त्यांनी खालीच ठेवला होता, चारचौघांत होते.

"अक्का, देवासमोर बेल उचलला होता तुमी."

"उचलला म्हणूनच उभी हाय की," गंगम्मा म्हणाली. "मी कुठं बसले?"

ते शरणबसप्पांकडं वळून म्हणाले, "सावकार, तुमीच समजवा तुमच्या मंडळींना." शरणबसप्पांनी सदऱ्याची बाही सारखी केली. काय समजवायचं ते त्यांनाही समजलेलं नव्हतं. पुरुष माणसं जीपकडं गेली आणि तिथं मोठ्यानं बोलायला लागली.

गंगम्माच्या पिशवीत फोन वाजला.

"अव्वा," शिवप्रिया म्हणाली. आवाज दमलेला होता. "झालं का? मागं घेतलास?"

"न्हाय."

"म्हणजे बिनविरोध."

"तेबी न्हाय. वर्षाराणीचा अर्ज राहिलाय."

"म्हणजे? कसा राहिला? मग काय ठरलं?"

"काही ठरलं न्हाय गं. ठरायचंय अजून."

पलीकडं दिल्लीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. शिवप्रिया कुठंतरी चालत असावी. ती थांबली असावी, कारण हॉर्न एका जागी आले. मग तिनं विचारलं, अगदी हळू, लहानपणी बोलायची तसं,

"अव्वा, तुला व्हायचंय का गं सरपंच?"

गंगम्मानं जीपकडं पाहिलं. तिघं एकदम बोलत होते. वर्षाराणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली होती आणि केळं सोलत होती. कुणाचंच इकडं लक्ष नव्हतं. तरी गंगम्मानं पदर तोंडाजवळ घेतला.

"व्हय," ती म्हणाली.

"काय? ऐकू आलं नाही."

गंगम्मानं पदर खाली केला.

"व्हय म्हणलं."